कायोटीसाठी लहान कॅलिबरच्या गोळ्या: व्ही-मॅक्स, बॅलिस्टिक टिप, ब्लिट्झकिंग आणि बाकीच्या

कायोटी, म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी, दिसतो त्याहून बराच किडकिडीत असतो. जानेवारीत अंगावर दाट केस आले की चांगला दांडगा वाटतो, पण कातडं उतरवल्यावर निघतो तो सडपातळ, लांब पायांचा प्राणी. टेक्सास-न्यू मेक्सिकोकडचा नर पंचवीस-तीस पौंडांचा, ईशान्येला न्यू यॉर्क-मेनकडचा चाळीसच्या आसपास. बाजूने उभा असेल तर हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम चार-पाच इंचांची जागा, आणि छातीची जाडीही फार तर तेवढीच. गोळी निवडताना सगळं गणित या दोन मापांपाशी येऊन थांबतं. एवढ्याशा जागेत ती अचूक पोचली पाहिजे आणि त्या चार-पाच इंचांच्या आतच पुरती फुटली पाहिजे. लवकर फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतं. उशिरा फुटली तर पलीकडून मोठं भगदाड पाडून जाते, कातडं वाया जातं आणि गोळी पुढे कुठे गेली याचा पत्ता लागत नाही.

इथे विचार केलाय तो अमेरिकेतल्या दुकानांत सहज मिळणाऱ्या, .१७ ते .२२ कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे नळीचा इंचांतला व्यास) तयार काडतुसांतल्या गोळ्यांचा. घरी काडतुसं भरणाऱ्यांना यातल्या बहुतेक गोळ्या सुट्याही मिळतात. वजनं ग्रेनमध्ये आहेत. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे ५५ ग्रेनची गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची. वेग सगळीकडे फूट प्रति सेकंद. वेगाचे आकडे कंपन्यांच्या तक्त्यांतले, म्हणजे लांब चाचणी-नळीतून मोजलेले. वाऱ्याचे आकडे ताशी १० मैल आडव्या वाऱ्याचे, त्याच वेगांवरून काढलेले.

दुकानात पहिला वाद कॅलिबरचा होतो. .२०४ घ्यायचं की .२२३, की सरळ .२२-२५०? (पहिलं .२० कॅलिबरचं काडतूस, बाकीची दोन .२२ ची.) तो वाद दुय्यम आहे. एकाच .२२३ मध्ये कायोटी जागच्या जागी पाडणारी गोळी बसते आणि नुसतं आरपार भोक पाडणारीही बसते. म्हणून आधी गोळीची बांधणी बघा, मग ती आदळताना किती वेगात असेल ते बघा, कॅलिबर त्यानंतर.

बांधणी

या वर्गातल्या गोळीचे तीन भाग. बाहेर तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं पातळ जॅकेट, आत शिशाचा गाभा, पुढे प्लास्टिकचं टोकदार टोक. टोकाच्या मागे थोडी पोकळी असते. आदळल्याबरोबर टोक पाचरीसारखं मागे घुसतं, जॅकेट पुढून फाटतं आणि गोळीचे तुकडे होतात. जॅकेट किती जाड आणि ते बुडाकडे कसं जाड होत जातं, यावर ती दोन इंचांत फुटणार की पाच इंचांत हे ठरतं. हलकी, पातळ जॅकेटची गोळी जास्त वेगात आदळली तर ती आत न जाता वरच्या वर फुटते. कायोटीच्या खांद्यावर बशीएवढा उथळ खळगा पडतो, केस-कातडं उडतं, स्नायूचा लगदा होतो आणि खालची फासळी शाबूत राहते. तीन पायांवर पळून जाणाऱ्या कायोट्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र कॅलिबरच्या माथी मारला जातो.

हॉर्नडी व्ही-मॅक्स

लाल टोकाची ही गोळी कुठल्याही काउंटरवर दिसते. या कामाला कुठली गोळी घ्यावी असं विचारलं तर माझं पहिलं बोट हिच्याकडेच जाईल. पण व्ही-मॅक्स म्हणजे एक गोळी नव्हे. .२२ कॅलिबरमध्येच ती ३५, ४०, ५०, ५३, ५५ आणि ६० ग्रेनची येते, आणि त्यांची वागणूक एकमेकींपासून फार वेगळी.

.२२३ रेमिंग्टनमधली ५५ ग्रेनची सगळ्यांत भरवशाची. नळीतून ३,२४० वेगाने निघते. १०० यार्डांवर २,८५९, २०० वर २,५०७, ३०० वर २,१८१. या सगळ्या पट्ट्यात ती फुटते, आणि जवळून खांद्याला लागली तरी सहसा आत पोचते. २०० यार्डांवर झीरो केली (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप बसवला) तर १०० वर १.४ इंच वर आणि ३०० वर ७.१ इंच खाली. याचा व्यवहारातला अर्थ असा की साधारण सव्वादोनशे यार्डांपर्यंत सरळ छातीच्या मध्यावर धरा आणि झाडा. त्यापुढे मात्र अंदाज चालत नाही, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लागतो. वाऱ्यात हिची कमजोरी दिसते: २०० वर सुमारे साडेचार इंच सरकते, ३०० वर जवळजवळ ११. मर्मस्थळ चार-पाच इंचांचं असताना ११ इंच म्हणजे छातीवर धरलेली गोळी पोटात.

५३ ग्रेनची हॉर्नडीने लांब निमुळत्या आकाराची बनवली आहे आणि तिचा बॅलिस्टिक कोइफिशंट (हवा कापण्याचं माप, आकडा मोठा तितका चांगला) .२९०, तर ५५ ग्रेनचा .२५५. वजनाने हलकी असून हवा जास्त चांगली कापते. सुपरफॉर्मन्स मालिकेत ती ३,४६५ ने निघते आणि ३०० यार्डांवर २,४६५ राखते. वारा तिला तिथे साडेआठ इंच सरकवतो. हा आकडा .२२-२५० मधल्या ५५ ग्रेनच्या अगदी शेजारी आहे (तिथे २,५१७ आणि ९ इंच). ज्याच्याकडे बोल्ट-ॲक्शन (दर वेळी हाताने काडतूस चढवायची) .२२३ आहे आणि ज्याला नवीन रायफल घ्यायची नाही, त्याने हा बॉक्स नक्की आणून बघावा. एआर-१५ (वायूच्या दाबाने आपोआप काडतूस चढवणारी रायफल) वाल्यांनी मात्र आधी पाच-दहा झाडून बघा. या मालिकेची दारू गॅस पोर्टपाशी (नळीतून वायू काढून घेणाऱ्या छिद्रापाशी) जास्त दाब देऊ शकते. रिकामी काडतुसं फार जोरात आणि पुढच्या बाजूला फेकली जाऊ लागली, त्यांच्या कडा वाकू लागल्या, तर तुमच्या रायफलीला ती मानवत नाही.

४० ग्रेनची वेगवान आहे आणि प्रेअरी डॉगवर (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला छोटा प्राणी) अप्रतिम. कायोटीवर मी ती सुचवणार नाही. बरगड्यांमागे बरोबर लागली तर कातडं जवळजवळ अभंग राहतं, हे खरं. पण कायोटी कॉलच्या (प्राण्याचा आवाज काढणाऱ्या शिट्टीच्या किंवा यंत्राच्या) आवाजावर येतो तेव्हा बऱ्याचदा समोरून, तिरका, चालता येतो. मध्ये खांद्याचं हाड आलं की हिची खोली संपते. ३५ ग्रेनची तर .२२ हॉर्नेटच्या कमी वेगासाठी आहे, तिथेच ती शोभते.

६० ग्रेनची थोडी जाडजूड, पूर्वेकडच्या मोठ्या कायोटीसाठी चांगली, पण कधी कधी पलीकडून बाहेर पडते. कातडं विकायचं नसेल तर हरकत नाही.

नोस्लर बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट

.२२ मध्ये हिचं टोक नारिंगी. ५० आणि ५५ ग्रेनच्या गोळ्या प्रमुख. जॅकेट पुढे पातळ असलं तरी बुडाकडे चांगलं जाड होत जातं, त्यामुळे व्ही-मॅक्सपेक्षा किंचित खोल जाते. फरक थोडाच आहे, पण जवळच्या अंतरावर, ५०-६० यार्डांत, .२२-२५० च्या प्रचंड वेगाला तो कामी येतो. .२२-२५० असेल आणि झाडीत कॉल करत असाल, तर व्ही-मॅक्सच्या आधी ही घ्या. किंमत साधारणपणे जास्त असते आणि दुकानात कमी दिसते, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आत दोन-तीन बॉक्स एकाच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) घेऊन ठेवा. लॉट नंबर बॉक्सच्या आतल्या घडीवर किंवा खालच्या बाजूला छापलेला असतो. लॉट बदलला की ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) एखाद्या इंचाने सरकू शकतो.

सिएरा ब्लिट्झकिंग

हिरवं टोक, आणि या तिघींत बहुतेक नळ्यांतून सगळ्यांत घट्ट ग्रुप देणारी. .२२ ची ५५ ग्रेन आणि .२० ची ३९ ग्रेन या दोन खास. ३९ ग्रेनची .२०४ रुगरमध्ये इतकी चपखल बसते की घरी भरणारे बरेच जण दुसरी गोळी शोधायच्या फंदात पडत नाहीत. जॅकेट पातळ आहे. तयार काडतुसांत निवड कमी, ही एकच तक्रार.

साधी सॉफ्ट पॉइंट

विंचेस्टर, रेमिंग्टन, फेडरल या सगळ्यांच्या स्वस्त .२२३ बॉक्समध्ये ५५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट असते. पुढे उघडं शिसं, जॅकेट जरा जाड. प्लास्टिक टोकाच्या जाहिरातींत लोक हिला विसरतात, पण ज्या मेंढपाळाला कायोटी थांबवायचाय आणि कातड्याशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी ही उत्तम. खांदा, हाड, कशालाही न डगमगता आत जाते. बाहेर पडताना रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं भोक पाडू शकते. शिवाय टोक मऊ असल्याने मॅगझिनमध्ये घासून चेपतं. त्याने जवळच्या अंतरावर काही बिघडत नाही.

कातड्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कॅनडा गूज या कंपनीने जॅकेटच्या टोपीला कायोटीचे केस लावणं थांबवण्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, २०२२ अखेरची मुदत घालून. त्या एका ग्राहकाने बाजार उचलून धरला होता. आता साध्या कातड्याला मिळणारा भाव बघता, फक्त भोक लहान राहावं म्हणून नाजूक गोळी निवडणं मला पटत नाही. जनावर पहिल्या गोळीत मेलं पाहिजे, ही अट आधी. कातड्याचा हिशोब त्यानंतर. भोक पडलंच तर कातडं उलटं करून आतून बारीक टाक्यांनी शिवता येतं.

शिसं नसलेल्या

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्यावर शिशाची गोळी झाडायला बंदी आहे, आणि कायोटीही त्यात आला. बे एरियात राहणाऱ्यांनी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून इथूनच वाचायला सुरुवात करावी.

बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड यात सगळ्यांत प्रसिद्ध. जॅकेटच्या आत तांबं-कथलाच्या भुकटीचा दाबून बसवलेला गाभा असतो, आदळला की तो पीठ होतो. .२२ मध्ये ३६ आणि ५० ग्रेन, .२० मध्ये २६ ग्रेन. ३६ ग्रेनची कायोटीला अपुरी वाटते. बरगड्यांवर ठीक, खांद्यावर नाही. ५० ग्रेनची घ्या. हॉर्नडीची एनटीएक्स (.२२ मध्ये ३५, .२० मध्ये २४ ग्रेन) त्याच जातीची, आणखी हलकी, दीडशे यार्डांच्या आत आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच.

इथे एक तांत्रिक अडचण येते. तांबं आणि कथील शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीतल्या आट्यांचा जो पीळ लागतो तो वजनापेक्षा लांबीवर जास्त अवलंबून असतो. म्हणून जुन्या १२ किंवा १४ इंची पिळाच्या (तेवढ्या इंचांत आट्यांचा एक फेरा) रायफलीत ५० ग्रेनची बिनशिशाची गोळी डळमळू शकते. खूण सोपी: कागदावरचं भोक गोल न पडता लांबट, चावीच्या भोकासारखं पडतं. तसं दिसलं की ती गोळी त्या रायफलीला कायमची बाद.

कायद्याची सक्ती नसलेल्या राज्यांतही या गोळ्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे. मेलेला कायोटी रानात तसाच सोडला तर गरुड, गिधाडं, कावळे त्यावर येतात आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. शिशाची गोळी वापरणार असाल तर मुडदा पुरा किंवा उचलून न्या.

या घेऊ नका

फुल मेटल जॅकेट, म्हणजे सरावाची स्वस्त गोळी. जवळून वेगात लागली तर कधी आत मोडते, दूरवरून लागली तर सुईसारखी आरपार जाते. भरवसा नाही आणि दगडावर आपटून उडते तीही लांब. हिरवं टोक रंगवलेली ६२ ग्रेनची सैनिकी गोळी तर पोटात पोलादी अणी घेऊन येते. ब्लिट्झकिंगचं हिरवं टोक आणि हे हिरवं टोक यांत गल्लत करू नका: एक प्लास्टिक, दुसरा तांब्यावर दिलेला रंग.

मॅच हॉलो पॉइंट नावावरून फुटणारी वाटते, पण तिच्या टोकाचं छिद्र तयार करण्याच्या पद्धतीमुळे उरलेलं असतं, फुटण्यासाठी ठेवलेलं नसतं. ५२-५३ ग्रेनच्या पातळ जॅकेटवाल्या जवळून छान फुटतात. ६९ आणि त्यावरच्यांचा नेम नाही. ज्यांना लांबच्या नेमबाजीची हौस आहे ते हट्टाने त्याच वापरतात. कागदावर वापरा, जनावरावर नको.

आता कॅलिबर

.१७ एचएमआर २००२ साली आलं आणि सशांसाठी सुंदर आहे. १७ ग्रेनची गोळी २,५५० ने निघते आणि १०० यार्डांवर १,९०० च्या आसपास येते. ऊर्जा तिथे १३६ फूट-पौंड. .२२३ ची २०० यार्डांवरची ऊर्जा ७६७. हा फरक बघितला की एचएमआर घेऊन कायोटीमागे जाणं का अन्याय्य आहे ते कळतं. डोक्यावर, ५० यार्डांत, स्थिर जनावर, अशा अटी घालणारे भेटतात. कायोटी त्या अटी पाळत नाही.

.१७ हॉर्नेट त्या मानाने खरं शस्त्र. २० ग्रेनची व्ही-मॅक्स ३,६५० ने निघते, धक्का जवळपास शून्य, लागलेली गोळी स्कोपमधून डोळ्यांनी दिसते. बाहेर पडत नाही. पण वारा हिला झोडपतो: २०० वर साडेपाच इंच, ३०० वर साडेतेरा. दीडशे यार्डांची रायफल समजून वापरा. .१७ च्या नळ्या तांब्याने लवकर माखतात. पंधरा-वीस गोळ्यांनंतर ग्रुप पसरू लागला तर नळी साफ करायची वेळ झाली. त्यासाठी त्याच मापाचा पातळ क्लीनिंग रॉड वेगळा घ्यावा लागतो, .२२ चा आत जात नाही.

.२०४ रुगर २००४ चं. कातडं जपायचंय आणि अंतरही हवंय, तर यासारखं दुसरं नाही. पण ३२ ग्रेन की ४० ग्रेन हा प्रश्न इथे कळीचा आहे. ३२ ची व्ही-मॅक्स बॉक्सवर ४,२२५ वेग मिरवते, ४० ची ३,९००. ३०० यार्डांवर चित्र उलटं: ३२ ची २,६८३ वर येते, ४० ची २,७५५ राखते. वाऱ्यात ३२ ची साडेनऊ इंचांहून जास्त सरकते, ४० ची पावणेआठ. आणि खांद्यावर वरच्या वर फुटण्याची तक्रार येते ती प्रामुख्याने ३२ ची. बॉक्सवरचा मोठा आकडा बघून ३२ उचलू नका.

.२२३ बद्दल वर भरपूर झालं. एकच भर: एआर-१५ ची नळी बहुधा १६ इंचांची असते, आणि दर इंचामागे साधारण २५ ते ३० फूट वेग कमी होतो. तक्त्यापेक्षा दोनशे-सव्वादोनशे फुटांनी कमी निघालेली गोळी म्हणजे जणू जनावर ६० यार्ड लांब उभं आहे. तक्त्यातले गोळी किती खाली येते याचे आकडे १६ इंची नळीला जसेच्या तसे लावू नका. तसंच ५.५६ शिक्क्याचं, .२२३ सारखंच दिसणारं सैनिकी काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये घालू नका, दाब जास्त असतो, उलटं चालतं.

.२२-२५० मध्ये ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स ३,६८० ने निघते. तक्ते शेजारी ठेवले तर दिसतं की ३०० यार्डांवर तिचा वेग २,५१७, आणि .२२३ चा २०० यार्डांवर २,५०७. थोडक्यात १०० यार्ड जास्त मिळतात. कॅन्सस, नेब्रास्का, वायोमिंगच्या उघड्या माळावर ते १०० यार्ड सोन्यासारखे. ओहायोच्या शेताच्या बांधावर, जिथे बहुतेक गोळ्या दीडशेच्या आत झाडल्या जातात, तिथे त्यांचा उपयोग नाही. आवाज, नळीची झीज आणि कातड्यावरची भगदाडं तेवढी वाढतात. जुन्या .२२-२५० नळ्या १४ इंची पिळाच्या असतात, त्यांना ५५ ग्रेनपर्यंतच्या आखूड गोळ्या द्या.

पिळाची दुसरी बाजूही आहे. वेगाला ७२० ने गुणून पिळाच्या इंचांनी भागलं की गोळीचे मिनिटाला फेरे मिळतात. ३,२४० वेगाला १२ इंची पिळातून ते १,९४,४०० होतात, ७ इंची पिळातून ३,३३,००० च्या वर. हॉर्नडीच्या एसएक्स सारख्या अतिपातळ जॅकेटच्या गोळ्या, ज्यांना कंपनीनेच ३,५०० ची मर्यादा घातली आहे, इतक्या फेऱ्यांनी हवेतच फुटू शकतात. कागदावर भोकच पडत नाही, किंवा वाटेत करडा धूर दिसतो. व्ही-मॅक्स, बॅलिस्टिक टिप आणि ब्लिट्झकिंग ७ इंची पिळात सहसा टिकतात.

स्वतःच्या रायफलीत तपासणी

वेगवेगळ्या गोळ्यांचे तीन बॉक्स आणा. १०० यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकून, प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप घ्या. प्रत्येक ग्रुपनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. पातळ शिकारी नळी तापली की तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून ग्रुप सरकतो आणि दोष उगाच गोळीला जातो. दीड इंचाच्या आत सातत्याने बसणारी गोळी कायोटीला पुरते. अर्ध्या इंचाच्या मागे लागून नाजूक गोळी निवडण्यापेक्षा एक इंच देणारी मजबूत गोळी बरी.

मग निवडलेल्या गोळीने दुसऱ्या दिवशी, गार नळीतून, फक्त एक गोळी झाडा. शिकारीत मिळते ती हीच पहिली गोळी. साफ करून तेल पुसलेल्या नळीची पहिली गोळी अनेकदा ग्रुपच्या बाहेर जाते. तसं होत असेल तर हंगामात नळी साफ केल्यावर दोन-तीन झाडूनच बाहेर पडा. शेवटी २०० आणि ३०० यार्डांवर गोळी प्रत्यक्ष किती खाली येते ते मोजा, आणि शक्य झाल्यास थंडीत. ऑगस्टमधला झीरो उणे तापमानात थोडा खाली बसू शकतो.

परवाना, व्हिसा, ओळख

आपल्या लोकांनी हे नीट वाचावं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. कायद्यात मोजके अपवाद आहेत आणि कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला नेहमी कामी येणारा. परवान्याची मुदत संपली आणि कपाटात गोळ्यांचा बॉक्स राहिला, तर तो गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही, राज्याचे नियम लागू. परवान्याआधी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. रात्रीची शिकार, थर्मल स्कोप, इलेक्ट्रॉनिक कॉल याबाबत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे, त्या वर्षीची पुस्तिका बघा.

ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आहे, उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात लाल लांडगा. दोन्ही संरक्षित, दोन्ही लांबून कायोटीसारखे. कान, मुस्कट आणि पायांची जाडी दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट नको.

शिकारीची बॅग घेऊन भारतात जाऊ नका. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूसही मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये सापडलं तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. वेगळी बॅग ठेवा. आणि इथलं काहीही तिकडे लागू करू नका: आपल्याकडच्या कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

कुठे मारायची

पूर्ण आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या, छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर, खांद्याच्या किंचित मागे. पातळ गोळीला इथे फक्त बरगडी भेटते. समोरून बसला असेल तर गळा जिथे छातीला मिळतो त्या मध्यावर. इथून ५०-५५ ग्रेनची गोळी आत शिरली की बाहेर येत नाही. समोरून तिरका येत असेल तर थांबा, ओठांनी बारीक चिरका आवाज करा, बहुतेक वेळा तो थबकतो आणि वळतो. पूर्ण मागून कधीच नको, कुठलीही गोळी असली तरी.

गवतात उभ्या कायोटीवर झाडताना मधली जाड काडी बघा. २०-३२ ग्रेनच्या गोळ्या एवढ्याशा अडथळ्यावरही वाकड्या होतात किंवा फुटतात. मागे माती असलेली जागा निवडा. पातळ जॅकेटच्या गोळ्या जमिनीवर सहसा विखुरतात, पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे.

गोळी लागल्यावर कायोटी जागच्या जागी गिरक्या घेत स्वतःच्या बरगडीला चावू लागला, तर गोळी मागे, पोटाकडे लागली आहे. तो पडेल म्हणून बघत बसू नका. लगेच दुसरं काडतूस चढवा आणि तो थांबेल त्या क्षणी झाडा. पडलेल्या जनावराकडे जातानाही रायफल भरलेली, सेफ्टी लावलेली ठेवा, पाठीकडून जा, आणि उघड्या डोळ्याला लांब काडीने स्पर्श करून पापणी हलत नाही ना ते बघा.